वखारीच्या भिंतींना सिमेंट फासू नका : नगरपरिषदेला खुले पत्र

प्रति,
मा. नगराध्यक्ष, सर्व नगरसेवक-नगरसेविका आणि मुख्याधिकारी,
आपल्या गावची नगरपरिषद

विषय : बंदर रस्त्यावरील जुन्या वखारीचे 'जतन व सुशोभीकरण'

सप्रेम नमस्कार.

वखारीच्या कामाचं अंदाजपत्रक नगरपरिषदेच्या फळ्यावर लागलं, ते मी उभ्याउभ्याच पण सावकाश वाचलं. 'बाह्य व आतील भिंतींस सिमेंट गिलावा, त्यावर टेक्स्चर रंग' असं त्यात आहे. छपरासाठी 'जुनी कौले उतरवून रंगीत प्रोफाइल पत्रे'. त्याखाली 'विद्यमान गाळेधारकांचे नवीन व्यापारी संकुलात स्थलांतर' आणि रिकाम्या झालेल्या तळमजल्यावर 'बहुउद्देशीय पर्यटन दालन'. दर्शनी बाजूला सेल्फी पॉइंट.

आधी आभार मानते, कारण वखार पाडायची नाही असं तुम्ही ठरवलंत. अशा इमारतींचं आपल्याकडे सहसा काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. दोन-तीन पावसाळे कौलं फुटकी ठेवायची, वासे कुजू द्यायचे, मग दारावर 'धोकादायक' अशी नोटीस चिकटवायची. पुढचं जेसीबी बघून घेतो. तुम्ही त्या वाटेनं गेला नाहीत. पण अंदाजपत्रकात लिहिलंय तसंच काम झालं, तर वखार थोड्या वर्षांनी त्याच मुक्कामाला पोचेल, फक्त रंगीत होऊन. सभेत भाडेकरूला बोलता येत नाही, म्हणून निविदा निघायच्या आत हे उघड लिहिते आहे.

नव्या सदस्यांसाठी थोडी ओळख. वखारीत शिरताना डाव्या हाताचा दुसरा गाळा आमचा. गावात आम्हाला 'दगडवाले' म्हणतात. पाटीवर 'खनिजे व स्फटिक' असं लिहिलेलं आहे, पण ते पोस्टमन सोडला तर कोणी म्हणत नाही. राशीचे खडे आमच्याकडे मिळत नाहीत. शनीसाठी काय घालू, असं विचारायला आठवड्याला कोणी ना कोणी येतं, त्याला मी पाणी पाजून परत पाठवते. आजवर एकाही दगडानं कोणाची साडेसाती घालवलेली किंवा ब्लडप्रेशर उतरवलेलं मी पाहिलेलं नाही. आमच्याकडे असतात ते काळ्या दगडाच्या पोटात तयार झालेले स्फटिक: स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट, ॲपोफिलाइट, स्कोलेसाइट, प्रेहनाइट. संग्राहक, कॉलेजांचे भूगर्भशास्त्र विभाग आणि परदेशातले व्यापारी ते घेतात. दर फेब्रुवारीत अमेरिकेत टूसॉन नावाच्या गावी जगातला सगळ्यात मोठा दगडांचा बाजार भरतो. तिथल्या टेबलांवर महाराष्ट्राचा दगड नसेल असं होत नाही, आणि त्यातला एखादा आपल्या बंदर रस्त्यावरून गेलेला असतो.

सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हाचे थरांवर थर पसरले. लाव्हा थंड होताना आत वायूचे बुडबुडे अडकले, त्यांच्या पोकळ्या झाल्या. पुढे त्यांतून गरम पाणी झिरपत राहिलं आणि त्या पाण्यातून पोकळीच्या आतल्या अंगाला स्फटिक वाढले. पुण्याजवळ वाघोलीच्या खाणींत निघालेला निळाशार कॅव्हनसाइट जगभरच्या संग्रहालयांत मांडलेला असतो. हे सगळं निघतं कुठून? खडीच्या खाणीतून. सुरुंग उडाला, पोकळी उघडी पडली आणि मुकादमाची नजर वेळेवर गेली तर स्फटिक वाचतो. नाही गेली तर क्रशरमध्ये त्याची खडी होते आणि ती तुमच्याआमच्या घराच्या स्लॅबमध्ये जाते.

माझे आजोबा असेच मुकादम होते. गावचे चाकरमानी, कांदिवलीच्या दगडखाणीत. त्या खाणी आता उरल्या नाहीत, वर टॉवर उभे आहेत. पण मालाड-कांदिवलीच्या त्या पट्ट्यातला हिरवा प्रेहनाइट, गायरोलाइट आणि ओकेनाइट अजून लोक नाव काढून मागतात. गणपतीला घरी येताना बाकीचे चाकरमानी ट्रंकेतून कापड आणि मिठाई आणत, आजोबांच्या ट्रंकेत दगड असायचे. आजी वैतागायची. खाडीतून मचव्यानं उतरताना ट्रंक उचलणारा हमाल तर तिच्याहून जास्त वैतागायचा. निवृत्त होऊन गावी आल्यावर घरात जागा पुरेना, तेव्हा त्यांनी वखारीतला हा गाळा भाड्यानं घेतला. वखार तेव्हा ओस पडत चालली होती, किनाऱ्यानं येणाऱ्या बोटींचे दिवस सरत आले होते.

ओकेनाइट ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी एकदा येऊन पाहावा. पोकळीत पांढऱ्याशुभ्र गोळ्या असतात, प्रत्येक गोळी केसाहून बारीक तंतूंची. बोट लागलं की तंतू चिकटून बसतात ते कायमचे, पाणी लागलं तरी तेच. त्यामुळे तो धुता येत नाही आणि कापसात गुंडाळताही येत नाही. बाबा त्याचं पार्सल असं करायचे: दगडाची स्फटिक नसलेली बाजू लाकडी फळीला दोऱ्यानं बांधायची, फळी खोक्याच्या तळाला खिळ्यांनी ठोकायची, आणि स्फटिकांच्या वर चार बोटं मोकळी हवा राहील अशा बेतानं झाकण लावायचं. झाकणावर आतून काही घासलं तर कळावं म्हणून टिश्यू कागद. खोका कानाशी धरून हलवायचा, आवाज आला की परत सोडायचा. मी अजून तसंच करते. कुरिअरवाल्या मुलाला याचा फार कंटाळा येतो.

नव्वदच्या दशकात कोकण रेल्वेचे बोगदे खोदले जात होते. रत्नागिरीजवळचा करबुडे बोगदा साडेसहा किलोमीटरांचा, त्या मार्गावरचा सगळ्यात लांब. बाबा स्कूटरवरून जायचे आणि बोगद्याबाहेर टाकलेल्या डबराच्या ढिगांवर हातोडी घेऊन बसायचे. बहुतेक वेळा हात हलवत परत. कधी एखादा स्टिल्बाइट, कधी स्कोलेसाइटच्या सुयांचा जुडगा. खरं म्हणजे हा धंदा करायचा तर पुण्याला किंवा नाशिकला जायला हवं होतं, माल तिकडे निघतो. आम्ही इथे राहिलो याचं निम्मं कारण वखार आहे. जाड भिंती, उंच छप्पर, वैशाखातही आत गारवा. जोत्यावर टनभर दगड ठेवला तरी हूं की चूं नाही. काही स्फटिकांना ऊन सोसत नाही, काहींना उष्णतेचे चढउतार. वखारीत त्यांचं बरं चाललं होतं.

आता भिंतींकडे येते. हे पत्र त्यांच्यासाठीच आहे.

वखार जांभ्या चिऱ्याची आहे, हे सांगायला नको. आपल्या सड्यावरचा, म्हणजे कातळी पठारावरचा, जांभा मुळात याच काळ्या दगडाचा झालेला आहे. उन्हापावसानं लाखो वर्षं त्यातली सिलिका धुऊन नेली आणि लोखंड-ॲल्युमिनियमची संयुगं मागे राहिली. चिरेखाणीत तो मऊ असतो, कुऱ्हाडीनं तासता येतो. हवा लागली की कडक होत जातो, म्हणून पूर्वी चिरे काढले की काही काळ उघड्यावर रचून ठेवत. कडक झाला तरी त्याची छिद्रं राहतातच. चिरा पाणी पितो आणि पाणी सोडतो. आपल्याकडे चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरांहून जास्त पाऊस पडतो. त्यात भिंत कोरडी राहील असा प्रयत्न जुन्या गवंड्यांनी केलाच नाही. ती भिजेल हे धरून चालले, आणि भिजलेली भिंत दसऱ्यानंतर सुकेल एवढं पाहिलं.

सुकण्याचं काम चुना करतो. वखारीच्या कुठल्याही दरजेत, म्हणजे दोन चिऱ्यांमधल्या सांध्यात, नीट बघा, शिंपल्यांचे अर्धवट भाजलेले कपटे दिसतील. खाडीतल्या कालवांच्या, तिसऱ्यांच्या शिंपल्या भट्टीत भाजून हा चुना केला, चुना दळायच्या घाणीत वाळूबरोबर मळला. भट्टीत शिंपल्यातला जो वायू निघून गेला, तोच भिंतीत बसल्यावर चुन्यानं हवेतून हळूहळू परत घेतला आणि त्याचा पुन्हा दगड झाला. त्या दगडाला आमच्या धंद्यात कॅल्साइट म्हणतात. माझ्या खिडकीतल्या कपाटात तो सहाशे रुपयांपासून पुढे आहे. खोटं वाटत असेल तर दरजेतून निखळलेली पूड बशीत घ्या आणि वर लिंबू पिळा. बारीक फसफस होते. कॅल्साइटच्या पुडीवर पिळा, तशीच होते. चिऱ्याच्या पुडीवर काही होत नाही. शाळेतल्या मुलांना मी हे दाखवते. पाचवीतल्या एका मुलीनं विचारलं, "म्हणजे कालवं खाऊन लोकांनी घर बांधलं?" मी हो म्हटलं.

या चुन्याचा एक गुण असा की तो चिऱ्याहून मऊ असतो. भिंत जराशी खचली तर चिरा तडकत नाही, दरज तडकते. त्या बारीक भेगेत पावसाचं पाणी उतरतं, थोडा चुना विरघळवून पुन्हा तिथेच सोडतं, आणि केसाएवढ्या भेगा कालांतरानं आपल्याआपण भरून येतात. शिवाय चुन्यातून ओल बाहेर पडते. सिमेंटमधून ती जवळजवळ पडत नाही. चिऱ्याच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा म्हणजे घामेजल्या अंगावर रेनकोट.

हे पुस्तकातलं नाही, वखारीतच दिसतं. मागच्या, खाडीकडच्या भिंतीला वीसेक वर्षांपूर्वी कंबरेच्या उंचीपर्यंत सिमेंटचा गिलावा झाला. कोणी केला, कोणी बिल काढलं, हा विषय आता नको. पहिले दोन पावसाळे भिंत फार सुरेख दिसली. त्याआधी ओल जोत्याच्या वर वीतभर चढायची आणि दिवाळीपर्यंत उतरायची. गिलाव्यानंतर ती कंबरेवर, गिलावा जिथे संपतो तिथून डोकावायला लागली. बाहेर पडायला वाट नाही, म्हणून भिंतीच्या आतून वर चढली. मग गिलावा फुगला. बोटाच्या पेरानं वाजवला की बद्द आवाज. एका मे महिन्यात त्याचा दारभर तुकडा खाली आला आणि येताना चिऱ्याचा दोन बोटं जाडीचा पापुद्रा सोबत घेऊन आला. आतून भिंत भुसभुशीत, नखानं उकरता येईल अशी, आणि वर पांढरी बुरशी आल्यासारखं काहीतरी.

ते खरवडून मी भिंगाखाली धरलं. दहापट भिंगात स्वच्छ चौकोनी कण दिसले: मीठ. खाडीच्या वाऱ्याबरोबर आलेलं, जमिनीतून ओलीबरोबर चढलेलं. उघड्या भिंतीत ते पृष्ठभागावर येऊन सुकतं, झाडूनं झाडता येतं, नाहीतर पुढचा पाऊस धुऊन नेतो. गिलाव्यामागे अडकलं की ते चिऱ्याच्या छिद्रांतच स्फटिक धरतं, आणि स्फटिक वाढताना जागा करून घेतो. छिद्राच्या भिंती फोडतो. जन्मभर मी वाढलेले स्फटिक विकत आले. ते वाढूच नयेत असं वाटायला लावणारी जागा मला ही एकच भेटली.

मागच्या भिंतीचा तो भाग अजून तसाच आहे. अंदाजपत्रक करणाऱ्या अभियंत्यांनी तो पाहिला असता तर चारही भिंतींना आतून-बाहेरून तेच औषध लिहून दिलं नसतं. त्यांना दोष देत नाही. दरसूचीत जे चटकन सापडतं तेच अंदाजपत्रकात येतं, आणि मार्चअखेर निधी परत जायची टांगती तलवार असते. सिमेंट दुसऱ्या दिवशी कडक होतं, चुन्याला महिने लागतात. फाइलीला सिमेंट सोयीचं पडतं.

छपराबद्दल थोडक्यात. वरच्या काही कौलांच्या पोटावर बासल मिशन या स्वित्झर्लंडच्या ख्रिस्ती संस्थेचा ठसा आहे. मिशननं मंगळुरात 1865 साली कौलांचा कारखाना काढला, आणि तिथून ही कौलं गलबतांतून किनाऱ्यानं वर आली. ठसा आहे म्हणून ठेवा असा माझा हट्ट नाही, फुटकी कौलं फेकायचीच असतात. पण कौलांच्या फटींतून गरम हवा वर निघून जाते, पत्र्याखाली ती कोंडते, आणि खाऱ्या वाऱ्यात पत्रा किती टिकतो ते मासळी बाजाराच्या शेडकडे बघून ठरवा. वादळात दोन्ही उडतात, हे मी नाकारत नाही. 2020च्या जूनमध्ये 'निसर्ग'नं श्रीवर्धन-दापोलीकडे काय केलं ते सगळ्यांनी पाहिलं, आणि पुढच्याच मे महिन्यात 'तौक्ते' आपल्या दारावरून गेलं. फरक एवढाच की कौल एकेक बदलता येतं. तौक्तेनंतर संध्याकाळपर्यंत वखारीवर ताडपत्री होती आणि पावसाआधी कौलं पुन्हा बसली होती.

ती कोणी बसवली? आम्ही. गाळेधारकांनी. शेजारी जाळी-दोरखंडाचं दुकान आहे, पलीकडे आगळ-कोकमाचं, वर माडीवर शिंपी. चौघांनी मिळून माणूस आणला, कौलं जमवली. नगरपरिषदेकडे अर्ज केला असता तर तो अजून आवक-जावकमध्ये असता, हे तुम्हीही हसून कबूल कराल. कोकणात इमारत टिकते ती आत माणूस वावरतो म्हणून. सरकलेलं कौल रात्री अंगावर गळतं तेव्हाच समजतं. वाळवीची पहिली रेघ रोज केर काढणाऱ्याला दिसते. कुलूप लावलेल्या इमारतीत ती वाशापर्यंत पोचल्यावर दिसते. पर्यटन दालन म्हणजे काय असतं ते आपण आसपास पाहिलेलं आहे. उद्घाटनाला फ्लेक्सवर किल्ल्यांचे फोटो, एक टीव्ही, एक अभिप्राय वही. गणपतीनंतर कुलूप. किल्ली कोणाकडे, हे विचारत पर्यटक शेवटी आमच्याच दुकानात येणार.

होय, यात माझा स्वार्थ आहे. व्यापारी संकुलातल्या दहा बाय बाराच्या गाळ्यात, काचेच्या दारामागे, दुपारभर उन्हात माझा माल राहणार नाही आणि गिऱ्हाईकही येणार नाही. परदेशातून आलेला व्यापारी दगड बघतो आणि मान वर करून तुळया बघतो. त्याला दोन्ही एकाच ठिकाणी हवं असतं. पण स्वार्थ सांगितला की पुढची बोलणी सोपी होतात. आमचं भाडं फार कमी आहे, तुमचं म्हणणं बरोबर आहे. वाढवा. फक्त वाढीव भाड्यातला ठरावीक हिस्सा वखारीच्या छपरासाठी वेगळा ठेवायचा असा ठराव करा, म्हणजे तो दिवाबत्तीत विरघळणार नाही. कामाच्या काळात आम्ही गाळे रिकामे करून देऊ, लेखी देऊ. परत यायचा हक्क तुम्ही लेखी द्या. मी माझ्यापुरतं बोलते आहे, पण बाकीच्या तिघांशी बोलूनच लिहिते आहे.

आणि दालनच हवं असेल तर त्याचं सामान माझ्याकडे आहे. आजोबांच्या ट्रंकांतून आलेले कांदिवलीचे दगड आम्ही कधी विकले नाहीत. दोन कपाटं भरतील. ती मी तळमजल्यावर मधल्या पडवीत कायमची मांडून देते, नगरपरिषदेनं यादी करून घ्यावी, शाळांना फुकट. महाराष्ट्राच्या पोटातला दगड लंडनच्या आणि वॉशिंग्टनच्या संग्रहालयांत आहे, आपल्या राज्यात तो नीट पाहायचा तर सिन्नरला 'गारगोटी' संग्रहालयात जावं लागतं. कोकणातल्या मुलांनी घाट का चढावा? शेजारी चिऱ्याचे, सड्यावरच्या बॉक्साइटचे, किनाऱ्यावरच्या काळ्या इल्मेनाइट वाळूचे, रेडीच्या लोहखनिजाचे नमुनेही ठेवू. मुलं ज्या रेतीवर क्रिकेट खेळतात ती काळी का, हे तरी त्यांना कळेल. सेल्फी काय, कुठेही काढता येते.

तुमचा कंत्राटदार म्हणेल की चुन्याचं काम करणारा गवंडी मिळत नाही. मिळतो, शोधावा लागतो. किल्ल्यांच्या डागडुजीत चुना मळणारे लोक आहेत. 2025च्या जुलैत मराठ्यांचे 12 किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, त्यात आपल्या किनाऱ्यावरचे विजयदुर्ग, सिंधुदुर्ग आणि सुवर्णदुर्गही आहेत. पुढची कित्येक वर्षं तिथे अशा हातांना काम लागणार. आपल्या गावातली चार मुलं वखारीच्या भिंतीवर हे शिकली तर उद्या विजयदुर्गावर लागतील. आणि वारसा इमारतींची यादी करण्याची सोय राज्याच्या 2020च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत आहे. मुंबईत तर असे नियम 1995पासून आहेत. वखार त्या यादीत घाला. म्हणजे पुढच्या कौन्सिलला सिमेंटची हुक्की आली तरी आधी कोणाला तरी विचारावं लागेल.

क्रम असा लावता येईल असं मला वाटतं. छप्पर आधी आणि या पावसाच्या आत: कुजलेले वासे-रीपा बदला, फुटकी कौलं बदला, बाकीची धुऊन पुन्हा चढवा. भिंतींना पावसात हात लावू नका. दिवाळीनंतर मागच्या भिंतीचा सिमेंटचा गिलावा छिन्नीनं, हलक्या हातानं काढा; ड्रिल लावलंत तर चिरा त्याच्यासोबत येईल. मग भिंत नुसती राहू द्या. ओल्या कागदाच्या लगद्याचा लेप देऊन मीठ ओढून घेता येतं, एकदा नाही भागलं तर पुन्हा. ती सुकली की दरजा चुन्यानं भरा आणि हवा असेल तर वर चुन्याचाच पातळ हात द्या. सजावट म्हणून एवढं पुरे आहे. उघडा चिरा गावाला मागास वाटत असेल, तर हल्ली मुंबईचे लोक सिमेंटच्या बंगल्यांवर चिऱ्याच्या टाइल्स चिकटवून घेतात, हे लक्षात असू द्या. खर्च दोन आर्थिक वर्षांत विभागला जाईल आणि त्यासाठी वेगळी मंजुरी लागेल, याची मला कल्पना आहे. ती मागायची तर आता मागावी लागेल.

माझी विनंती एवढीच की सिमेंट गिलावा, पत्रे आणि गाळेधारकांचं स्थलांतर या तीन बाबी पुढच्या सर्वसाधारण सभेत स्थगित ठेवाव्यात आणि हे पत्र इतिवृत्तात घ्यावं. त्याआधी ज्यांना जमेल त्यांनी, अभियंत्यांसकट, एका शनिवारी सकाळी वखारीत यावं. भिंग माझ्याकडे आहे, लिंबं आणून ठेवते. मागच्या भिंतीपाशी अर्धा तास पुरेल.

अंदाजपत्रकातली उरलेली कामं, म्हणजे वायरिंग, शौचालय आणि मागचं गटार, कृपया थांबवू नका. विशेषतः गटार. ते तुंबतं तेव्हा पाणी थेट जोत्याला लागतं, आणि वखारीत चढणारी निम्मी ओल तिथूनच येते. ते काम सिमेंटमध्ये केलं तरी माझी हरकत नाही.

कळावे,

आपली,
वखारीतली दगडवाली
(डाव्या हाताचा दुसरा गाळा, बंदर रस्ता)